सगळ्या चिठ्ठ्या आनंदाखाली

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या शाळेत शिक्षकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. विषय होता सामाजिक-भावनिक शिक्षण. बाकडी सरकवून मोकळा केलेला चित्रकलेचा वर्ग, कोपऱ्यात पाण्याचा जार, खिडकीतून येणारा पुण्याच्या पीएमपी बसचा घरघराट आणि समोर चांगली तयारी करून आलेली एक तरुण सुलभक. तिने फळ्यावर चार चेहरे चिकटवले होते: आनंद, दुःख, राग आणि भीती. प्रत्येकाला एकेक पिवळी चिठ्ठी मिळाली. तिच्यावर आपले नाव लिहायचे आणि सकाळपासून मनात जे घोळते आहे त्या चेहऱ्याखाली ती लावून यायचे, एवढेच काम होते. आम्ही एकामागून एक उठलो. थोड्या वेळाने फळ्याकडे पाहिले, तर सगळ्या चिठ्ठ्या आनंदाखाली. जागा पुरेना म्हणून काहींनी एकीवर एक चिकटवल्या होत्या. शारीरिक शिक्षणाच्या सरांची चिठ्ठी सुटून खाली पडली, ती शिपाईमामांनी उचलली आणि कोणालाही न विचारता पुन्हा आनंदाखालीच लावून टाकली. सुलभक मनापासून हरखली. “किती पॉझिटिव्ह स्टाफ आहे तुमचा!” असे म्हणून तिने फळ्याचा फोटो काढला.

चहाच्या वेळी जिन्याखाली कागदी कप घेऊन उभे असताना गणिताच्या बाई माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, “मला रागाखाली लावायची होती हो, पण मोठ्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.” त्यांच्यामागून कोणीतरी पुस्ती जोडली, “आणि वर नाव कशाला लिहायला लावलं?” सगळे हसले. माझीही चिठ्ठी त्याच गठ्ठ्यात होती, त्यामुळे मीही हसले. घरी जाताना मात्र तो पिवळा गठ्ठा डोक्यातून जाईना.

सुलभकेने दिवसभर जे सांगितले, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकेत कॅसेल ही संस्था स्थापन झाली आणि तिने या शिक्षणाची मांडलेली पाच अंगे आज अनेक देशांतल्या शाळा वापरतात: स्वतःला ओळखणे, स्वतःला आवरणे, दुसऱ्याचे भान ठेवणे, नाती जोडणे आणि टिकवणे, आणि जबाबदारीने निर्णय घेणे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याला जागा मिळाली. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये ‘हॅपीनेस करिक्युलम’ या नावाने त्यासाठी रोजचा एक तास राखला गेला. आणि त्याच्याही आधी, २००९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचे ‘मूल्यवर्धन’ सुरू झाले होते, ज्यात मुले जोडीने आणि गटाने बोलत, ऐकत शिकतात. दुपारी पडद्यावर एक आकडा झळकला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा २१३ उपक्रमांची आणि सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली होती, आणि उपक्रमात असलेली मुले अभ्यासातही इतरांपेक्षा ११ पर्सेंटाइलने पुढे दिसली होती. इतका वेळ जांभया देणाऱ्यांची पेने तेवढ्यापुरती हलली. आमच्याकडे कोणतीही गोष्ट मार्कांपर्यंत येऊन पोहोचली की ती खरी वाटू लागते. त्याच आढाव्यातली दुसरी एक गोष्ट पडद्यावर आली नाही, ती मी रात्री वाचली. अभ्यासातला हा फरक ठळकपणे दिसला तो शाळेतल्याच माणसांनी उपक्रम चालवले तिथे. बाहेरून येऊन तास घेऊन जाणाऱ्यांना तो साधला नव्हता. म्हणजे सगळी मदार पुन्हा त्याच बाईंवर आणि सरांवर, ज्यांच्या चिठ्ठ्या फळ्यावर एकीवर एक चिकटल्या होत्या.

माझे स्वतःचे शालेय शिक्षण सदाशिव पेठेत झाले. दगडी जिना, उन्हाळ्यातही गार राहणारे वर्ग, मधल्या सुटीत चिंचा-बोरांच्या गाडीभोवतीची झुंबड. आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा तास खेळाच्या तासानंतर असे, त्यामुळे वर्ग घामेजलेला, भांडत आलेला आणि कोणाचेही न ऐकणारा असे. बाई आत येत, टेबलावर पुस्तक ठेवत आणि आमच्याकडे न बघता सरळ खिडकीपाशी जात. चष्मा काढून पदराच्या टोकाने आधी एक काच, मग दुसरी काच पुसत. काच चांगली स्वच्छ असली तरी पुसत, हे आम्हाला पहिल्या बाकावरून दिसे. मग चष्मा लावून वळत आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागत. एकदा त्या वळल्या आणि म्हणाल्या, “आज माझं डोकं सकाळपासून ठणकतंय. आज मी लवकर चिडेन. चिडले तर ते तुमच्यावर नाही, एवढं लक्षात ठेवा.” त्या तासाला कोणीही दंगा केला नाही. स्वतःला ओळखणे आणि स्वतःला आवरणे ही दोन्ही अंगे मी अशी पाहिली, शिकवली जात आहेत हे कळायच्या आत. त्या बाईंनी आम्हाला भावनांवर एक शब्दही शिकवला नाही.

त्याच शाळेत एक सरही होते. त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही. ते फक्त बोलत. गृहपाठ न केलेल्या मुलाला उभे करून, अत्यंत शुद्ध भाषेत, त्याच्या वडिलांच्या धंद्यापासून त्याच्या भविष्यापर्यंत असे काही बोलत की वर्ग पोट धरून हसे आणि उभा असलेला मुलगाही कसनुसा हसून घेई. पुण्यात टोमण्याला बुद्धिमत्तेचे लक्षण मानायची जुनी रीत आहे. दुकानातल्या पाट्यांवर ते खपून जाते, पण वर्गात ऐकणारा बारा वर्षांचा असतो आणि त्याला उलट उत्तर द्यायची मुभा नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास देण्यालाही बंदी केली आहे. छडी बऱ्याच शाळांतून खरोखर गेली, कारण तिचा वळ उठतो आणि वळाचा मोबाईलवर फोटो काढता येतो. टोमण्याला तो धोका नाही. सरांचे आजही कौतुकाने नाव घेणारे माझे वर्गमित्र आहेत, आणि त्यांतलाच एक जण पालकसभेला गेला की मुलाच्या शिक्षकांसमोर अजूनही तोंड उघडू शकत नाही.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असते, आणि भावनांचा हिशेब कागदावर ठेवणे हे माझ्या नोकरीचा भाग आहे. आकारिक मूल्यमापन आल्यापासून, म्हणजे २०१० पासून, आम्ही प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, व्यक्तिमत्त्व गुणविशेष असे रकाने असतात. कल्पना सुंदर आहे: शिक्षकाने वर्षभर मुलाकडे नीट बघावे आणि दिसले ते आपल्या शब्दांत लिहावे. प्रत्यक्षात सत्र संपायच्या आठवड्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते. ‘इतरांच्या भावनांचा आदर करतो’, ‘गटात मिळून मिसळून राहतो’, ‘स्वतःच्या चुका मान्य करतो’ अशी वाक्ये तिच्यात विषयवार लावलेली असतात आणि ती क्रमाने उतरवली जातात. एकदा सहामाहीच्या वेळी मी स्टाफरूममध्ये बसून नोंदवह्या चाळत होते. ‘वर्गमित्रांना मदत करण्यास सदैव तत्पर’ हे वाक्य ज्याच्या नावापुढे होते, तो मुलगा त्याच क्षणी मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभा होता, कारण त्याने शेजाऱ्याच्या हातात कर्कटक टोचले होते. याला आळस म्हणणे सोपे आहे, पण मी म्हणणार नाही. त्या नोंदवह्यांशेजारी यू-डायसची, म्हणजे सरकारी नोंदणीसाठीची शाळेची माहिती, आधार पडताळणी, पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादीचे काम आणि ‘आज दुपारी बारापर्यंत लिंक भरावी’ असा निरोप यांची रांग लागलेली असते. साठ मुलांच्या मनात डोकावायला जी स्वस्थता लागते, ती वेळापत्रकात कोणत्याच तासाला लावलेली नाही.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. शाळा पुन्हा भरली तेव्हा सातवीतला एक मुलगा दप्तराऐवजी दुकानाची कापडी पिशवी घेऊन आला. मी कवितेचे पान काढायला सांगितले. त्याच्या पुस्तकाची पाने ओली होऊन वाळली होती आणि एकमेकांना घट्ट चिकटली होती. त्याने कंपासमधून स्टीलची पट्टी काढली, ती दोन पानांच्या मध्ये कोपऱ्यातून हळूच सरकवली आणि श्वास रोखून एक पान सोडवले. मग दुसरे. पान फाटले की तो पट्टी मागे घेई आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करी. पुस्तकाला नदीच्या गाळाचा वास येत होता. आजूबाजूची मुले आपली पुस्तके मिटून त्याच्याकडे बघत होती आणि कोणीही हसत नव्हते. मी कविता बाजूला ठेवली. शेजारच्या मुलीने आपली पट्टी काढून विचारले, “मी मागून सोडवत येऊ?” त्याने मान हलवली, आणि तास संपेपर्यंत दोघांनी अर्धे पुस्तक मोकळे केले. मध्येच तो म्हणाला की रात्री पाणी आले तेव्हा त्याची आजी माळ्यावर चढायला तयार नव्हती. कोणी त्याला विचारले नव्हते.

भिंतीपलीकडच्या वर्गात तेव्हा गणिताच्या बाई अपूर्णांक शिकवत होत्या, त्याच, ज्यांना पुढे चिठ्ठी रागाखाली लावायची होती. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत येत होता. त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेइतके पाणी होते, गॅसची शेगडी त्यांनी गाळातून उपसून काढली होती आणि त्या रात्रीपासून नणंदेकडे राहत होत्या, हे आम्हाला कळले ते त्यांनी रजेचा अर्ज दिला तेव्हा. मधल्या काळात मुलांसाठी समुपदेशनाचे एक सत्र झाले. ते चांगले झाले, मुले बोलली, दोघी-तिघी रडल्या. वर्ग सांभाळायला म्हणून याच बाई मागे उभ्या होत्या आणि सत्र संपल्यावर उपस्थितीपत्रकावर सही करून पुढच्या तासाला गेल्या. मी नंतर त्यांना विचारले, तर म्हणाल्या, “माझं काय सांगायचं? मला कोणी विचारलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि मग सातवी ‘ब’चा तास कोणी घेतला असता?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बदली तास घेणारे कोणी खरोखरच नव्हते.

कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्राथमिक शाळेतल्या चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजले आणि त्यांच्या शिक्षकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. ज्या वर्गाचे शिक्षक जास्त थकलेले, उबगलेले होते, त्या वर्गातल्या मुलांचे सकाळचे कॉर्टिसॉल जास्त निघाले. आता यात शिक्षकाचा ताण मुलांना लागतो की अवघड मुलांमुळे शिक्षक थकतो, हे त्या मोजणीवरून ठरत नाही आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. बहुधा दोन्ही होत असावे. कोणतीही बाई हे छाती ठोकून सांगेल. ब्रिटनमधला प्रयोग मला आणखी बोलका वाटतो. तिथे आठ हजारांहून अधिक मुलांवर शाळेत सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे देण्याची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही अधिक फायदा दिसला नाही. फरक पडला तो शिकवणाऱ्यांमध्ये. ज्या शिक्षकांनी आधी स्वतः ते प्रशिक्षण घेतले होते, त्यांचा थकवा कमी झाला होता, निदान काही काळापुरता, आणि शाळेचे वातावरणही थोडे निवळले होते. प्रयोग मुलांसाठी होता, गुण आला तो बाईंना. मला त्यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही. पैसा आणि वेळ आधी कुठे घालायचा, याचा तो पत्ता आहे.

एवढे असूनही वर्गातला तास निरर्थक आहे असे मला म्हणता येत नाही. भावनेला शब्दांत नाव दिले की मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवले होते, आणि वर्गात ते रोज दिसते. प्रशिक्षणानंतर मी सातवीत आठवड्यातून एकदा गोल करून बसायला सुरुवात केली. कर्कटकवाल्या मुलाचा धाकटा भाऊ आता माझ्या वर्गात आहे. त्याने तिथे एकदा सांगितले की त्याला राग येत नाही, त्याला आधी भीती वाटते आणि मग हात उठतो. हे त्याला स्वतःलाच नवीन असावे, कारण बोलून झाल्यावर तो चकित चेहऱ्याने गप्प बसला. पण त्याच गोलात एका मुलीने विचारले, “बाई, सगळ्यांसमोर सांगायलाच पाहिजे का?” मी नाही म्हणाले. तेव्हापासून तिची पाळी आली की ती ‘पुढे’ एवढेच म्हणते आणि शेजारी बोलू लागतो. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत अशा मुलाला हळूहळू बोलते करावे असे लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. घरात काय चालले आहे हे वर्गात उघड झाले तर त्याची किंमत कोण मोजणार, हे ती मुलगी पुस्तिकेपेक्षा चांगले जाणते.

तिच्या ‘पुढे’मुळे मला आनंदाखालच्या चिठ्ठ्यांकडे वेगळ्या नजरेने बघता आले. आमच्या स्टाफने त्या सकाळी खोटेपणा केला असे मी आधी धरून चालले होते. खरे तर त्या खोलीत कोण बसले आहे, नावासकट लावलेली चिठ्ठी कुठे जाईल, फोटो कोणाच्या फोनवर पोहोचेल आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे ठरण्याच्या, वर्षात ‘रागावलेला शिक्षक’ म्हणून लक्षात राहणे परवडेल का, याचा अचूक अंदाज प्रत्येकाने काही क्षणांत बांधला होता. भोवतालच्या माणसांचे भान आणि जबाबदारीने निर्णय, दोन्ही अंगांत आम्ही पैकीच्या पैकी मिळवले होते. उणीव खोलीत होती. मोठ्या बाईंवरही याचा ठपका ठेवता येत नाही. त्यांना शिक्षणाधिकारी कार्यालयातून बोलावणे आले की त्याही तिथे आपली चिठ्ठी कुठे लावत असतील, याची मला पुरेपूर कल्पना आहे.

जानेवारीपासून शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही काही जण अर्धा तास ग्रंथालयात बसतो. मोठ्या बाईंना सांगून बसतो, त्या येत नाहीत, आणि न येण्याचे त्यांनी स्वतःच ठरवले, ही गोष्ट मला त्यांच्या बाजूने फार मोठी वाटते. मस्टर नाही, इतिवृत्त नाही, चेहऱ्यांचा तक्ता तर नाहीच. सुरुवातीला नुसत्या तक्रारी झाल्या: वाहतूक, लिंका, पालकांचे रात्री अकराचे फोन. नंतर एकदा विज्ञानाचे सर बोलले. ते पन्नाशी गाठलेले, शांत, मुलांचे अत्यंत लाडके शिक्षक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात पहिली ते आठवीच्या ज्या कार्यरत शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे बंधनकारक केले, तेव्हापासून ते पहाटे चारला उठून अभ्यास करतात आणि सातच्या शाळेला येतात. घरी मुलगी बारावीला आहे. बाप आणि मुलगी एकाच टेबलावर समोरासमोर बसतात. “मी नापास झालो तर तिला काय तोंड दाखवू, याचीच मला जास्त भीती वाटते,” असे ते म्हणाले. दीडशे गुणांच्या त्या पेपरात तीस गुण बालविकासाला आहेत. इतकी वर्षे मुलांत काढलेला हा माणूस आता मुलांच्या वाढीचे टप्पे पाठ करतो आहे, आणि गणिताच्या बाईंनी हे ऐकून जो पुणेरी शेरा मारला तो मी इथे लिहिणार नाही. त्या हसण्यात सरही सामील झाले.

मागच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावले. वरून विचारणा झाली होती की प्रशिक्षणानंतर शाळेने शिक्षकांच्या भावनिक स्वास्थ्यासाठी काय केले; शनिवारच्या बैठकांचा एक अहवाल आणि दोन फोटो पाठवता आले तर बरे. त्या स्वतःच अवघडल्या होत्या. ग्रंथालयात यावर चांगलाच वाद झाला. फोटो दिला नाही तर अर्धा तास बंद पडेल, असे इंग्रजीच्या बाईंचे म्हणणे. दिला तर तो चालू राहूनही काही उपयोग उरणार नाही, असे शारीरिक शिक्षणाच्या सरांचे. शेवटी ठरले ते असे की ग्रंथालयाच्या मांडणीचा, पुस्तकांच्या कपाटांचा एक फोटो पाठवायचा आणि अहवालात ‘विषय-चर्चा’ एवढेच लिहायचे. ते खोटेही नाही. येत्या शनिवारी विज्ञानाचे सर टीईटीच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन येणार आहेत आणि त्यांना अडलेली गणिते गणिताच्या बाई सोडवून दाखवणार आहेत.